मेडिसिन युनिटमध्ये निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण कसे करावे

एमडी मेडिसिनचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असला, तरी निवासी डॉक्टराच्या हाताला आणि नजरेला जे वळण लागते ते बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत लागते, आणि नेमक्या त्याच काळात त्याच्याकडे पाहायला युनिटमध्ये कुणाला सवड नसते. पहिल्या वर्षाचा निवासी रक्ताचे नमुने पाठवणे, रिपोर्ट गोळा करणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे आणि एक्स-रे विभागाशी वाद घालणे यांत बुडून जातो. तो तपासणी कशी करतो हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत नव्याने युनिटची किंवा पदव्युत्तर प्रशिक्षणाची जबाबदारी घेतलेल्या सहायक आणि सहयोगी प्राध्यापकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्याचा गाभा एवढाच आहे की, निवासी डॉक्टर रुग्णापाशी काय करतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि जे पाहिले त्याच्या आधारे पुढची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. सेमिनार, जर्नल क्लब आणि लॉगबुक आवश्यक आहेत, पण ते या पाहण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

आधी पाहावे

केस प्रेझेंटेशनमध्ये 'प्लीहा हाताला लागत नाही' हे वाक्य ऐकू येते, पण त्याने हात उजव्या इलियाक फॉसापासून (पोटाच्या उजव्या खालच्या भागापासून) तिरपा वर आणला होता की थेट डाव्या बरगडीखाली खुपसला होता, हे त्या वाक्यातून कळत नाही. मानेतील शिरेचा दाब पाहताना रुग्णाला ४५ अंशांत टेकवले होते का, तेही कळत नाही. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या मोजमापाची चार पायऱ्यांची मांडणी केली: माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे. आपल्या लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. तिसरी प्रात्यक्षिक परीक्षेत थोडीफार दिसते, आणि चौथी वॉर्डात उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

यासाठी अमेरिकेतील अंतर्गत वैद्यकाच्या मंडळाने १९९० च्या दशकात पुढे आणलेली 'मिनी-सीईएक्स' ही पद्धत आपल्या वॉर्डात सहज वापरता येते. निवासी डॉक्टर खऱ्या रुग्णाला तपासत असताना शिक्षकाने १५ मिनिटे बाजूला उभे राहून पाहायचे आणि लगेच पाच मिनिटे बोलायचे. तपासणी संपूर्ण असावी असा आग्रह धरू नये. एका दिवशी फक्त इतिहास घेणे पाहावे, दुसऱ्या दिवशी फक्त छातीची तपासणी, तिसऱ्या दिवशी मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन समजावून सांगणे. युनिटमध्ये पहिल्या वर्षाचे चार निवासी असतील आणि प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा पाहायचे ठरवले, तर आठवड्याला दोनदा प्रत्येकी २० मिनिटे लागतात. ओपीडीतली गर्दी कितीही असली, तरी एवढा वेळ काढता येतो, हे मी स्वतः करून पाहिल्यावर सांगतो आहे.

पाहताना मध्ये बोलू नये. रुग्णाला धोका होणार असेल तेवढाच अपवाद. शिक्षकाने मध्ये तोंड घातले की निवासी रुग्णाकडे पाहणे सोडून शिक्षकाकडे पाहू लागतो. बोलताना नेमके बोलावे: 'छान केलेस' या शब्दांनी त्याच्या हाती काही लागत नाही, पण 'परकशन करताना (छातीवर बोटांनी ठोकून पाहताना) तू दोन्ही बाजूंची तुलना केलीस, पण काखेचा भाग राहिला' हे वाक्य त्याला पुढच्या रुग्णापाशी आठवते.

रुग्णाची बोली शिकवावी

शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे युनिटमध्ये राजस्थान, केरळ, उत्तर प्रदेश किंवा तेलंगणातून आलेले निवासी असणे नित्याचे आहे. त्यांना मराठी येत नाही हा त्यांचा दोष नव्हे, पण इतिहासावर उभ्या असलेल्या या शाखेत ती उणीव तशीच ठेवणे हा शिक्षकाचा दोष ठरतो. वॉर्डातल्या मावशी आणि सिस्टर यांच्या मदतीने ते आठवड्याभरात 'कुठे दुखतंय' एवढे शिकतात. पुढचे मात्र शिक्षकाने शिकवावे लागते, आणि खरे सांगायचे तर मराठी मातृभाषा असलेल्या निवासींनाही ते शिकवावे लागते.

उदाहरणार्थ, 'चक्कर येते' ही तक्रार घ्या. आपले रुग्ण भोवतालचे गरगर फिरणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि चालताना तोल जाणे या तिन्हींना चक्करच म्हणतात. निवासीने तेवढाच शब्द ऐकून 'व्हर्टिगो' लिहिले, की कानाच्या आजाराचे औषध सुरू होते आणि काळी शौचास होत असल्याने झालेला रक्तक्षय सुटून जातो. म्हणून 'घर फिरल्यासारखं वाटतं, की डोळ्यांपुढे काळोख येतो?' हा प्रश्न त्याच्या तोंडी बसवावा. 'जीव घाबरा होतो' या शब्दांमागे अस्वस्थ मन असू शकते, तसेच रक्तातली साखर उतरलेली असू शकते, हृदयाची अनियमित गती असू शकते आणि मधुमेही स्त्रीमध्ये छातीत न दुखता आलेला हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. 'दम लागतो' म्हणणाऱ्याला किती पायऱ्या चढल्यावर, किती चालल्यावर, रात्री उठून बसावे लागते का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'अंगात कणकण', 'पोटात कळ', 'हातापायांना मुंग्या', 'छातीत चमक' असे शब्द आणि प्रत्येकाला जोडून विचारायचा पुढचा प्रश्न यांची एक वही युनिटमध्ये ठेवावी आणि तिच्यात भर घालण्याचे काम निवासींकडेच द्यावे.

राउंडवर प्रश्न कसा विचारावा

राउंडचा वेळ थोडा असतो आणि खाटा भरपूर असतात. अशा वेळी १९९२ मध्ये अमेरिकेतील कौटुंबिक वैद्यकाच्या शिक्षकांनी मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धत उपयोगी पडते: आधी निवासीकडून त्याचे मत काढून घ्यावे, मग त्याचा आधार विचारावा, एक सर्वसाधारण नियम शिकवावा, जे बरोबर होते ते नेमके सांगावे आणि जे चुकले ते दुरुस्त करावे.

समजा, पावसाळ्यात युनिटच्या इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण शेतमजूर वॉर्डात आहे. पहाटे पोटदुखी आणि उलट्यांनी तो जागा झाला, आणि निवासीने केसपेपरवर तीव्र जठरशोथ लिहून सलाईन व पँटोप्राझोल सुरू केले आहे. रुग्णाच्या पापण्या खाली आलेल्या शिक्षकाला दिसतात. इथे 'हे तुला दिसलं नाही?' असे विचारले की निवासी गप्प होतो आणि शिकणे तिथेच थांबते. त्याऐवजी 'तुला काय वाटतं, आणि कशावरून?' असे विचारावे. तो पोटदुखी आणि उलट्या सांगेल. मग त्यालाच रुग्णाच्या चेहऱ्याकडे नीट पाहायला सांगावे, मान उशीवरून उचलता येते का ते तपासायला लावावे, एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात ते मोजायला लावावे आणि रात्री कुठे झोपला होता ते विचारायला लावावे. जमिनीवर झोपलो होतो, असे उत्तर आले की मण्यारीच्या दंशाची शक्यता त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडते. मग नियम सांगावा: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला रुग्ण पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या जड असतील, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, मण्यार आधी मनात आणावी. मण्यारीचे विष रक्ताच्या गोठण्यावर नव्हे तर नसांवर काम करते, म्हणून २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल ठीक आला तरी गाफील राहू नये आणि श्वासाकडे पहिले लक्ष द्यावे. शेवटी, त्याने पोट तपासून पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) नाही हे नीट नोंदवले होते, तेही सांगावे, कारण ते खरे आहे आणि त्याच्या कामाचे आहे.

बारकाईने पाहण्याचे मोल सांगायला आपल्याकडे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याइतके जवळचे उदाहरण नाही. रायगड जिल्ह्यातील ग्रामीण आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा रक्तदाब, नाडी आणि फुप्फुसांत भरणारे पाणी यांच्या नोंदी रात्र रात्र जागून ठेवल्या आणि त्यांतून प्राझोसिन या औषधाच्या उपचाराची वाट निघाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निवासींना हे सांगताना पुरस्कारापेक्षा त्या नोंदींवर भर द्यावा.

राउंडवर अपमान करू नये. माझ्या शिकण्याच्या काळात एका वरिष्ठांनी रुग्ण आणि नातेवाइकांसमोर माझा केसपेपर जमिनीवर टाकला होता. पुढे वर्षभर मी शंका विचारणे बंद केले आणि त्या वर्षात माझ्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली असेल, हे मला आजही बोचते. कडक असावे, पण चूक रुग्णाच्या हिताच्या भाषेत सांगावी आणि फार गंभीर असेल तर ड्युटी रूममध्ये दार लावून सांगावी.

जबाबदारी पायरीपायरीने सोपवावी

'एक पाहा, एक करा, एक शिकवा' हा जुना प्रघात रुग्णांच्या जिवावर चालतो. नेदरलँड्समधील उट्रेख्टचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन केट यांनी २००५ पासून मांडलेला विचार अधिक सुरक्षित आहे: प्रत्येक कामासाठी निवासी कोणत्या पायरीवर आहे ते ठरवावे. केवळ पाहणे, शिक्षक शेजारी असताना करणे, शिक्षक हाकेच्या अंतरावर असताना करणे, एकट्याने करणे आणि इतरांवर देखरेख ठेवणे, अशा पाच पायऱ्या मानाव्यात. एकच निवासी पोटातले पाणी काढण्यात चौथ्या पायरीवर, लंबर पंक्चरमध्ये (पाठीच्या कण्यातून पाणी काढण्यात) तिसऱ्या आणि सेंट्रल लाईनमध्ये (मोठ्या शिरेत नळी घालण्यात) दुसऱ्या पायरीवर असू शकतो. वर्षावरून पायरी ठरवू नये. ड्युटी रूमच्या भिंतीवर असा तक्ता लावला, की मध्यरात्री कुणाला बोलवायचे हे भीडेचे राहत नाही.

या तक्त्यात न दिसणारी कामेही असावीत. मृत्यूची बातमी सांगणे हे त्यांतले सर्वांत अवघड. पहिल्या वर्षाच्या निवासीला हे एकट्याने कधीही करायला लावू नये. त्याने आधी दोन-तीनदा वरिष्ठाला पाहावे, मग वरिष्ठ शेजारी असताना स्वतः सांगावे. कुणाशी बोलायचे ते आधी ठरवावे, त्यांना बसवावे, रुग्णाचे नाव घ्यावे आणि 'गेले' हा शब्द स्पष्ट उच्चारावा. 'आम्ही प्रयत्न करतोय' असे म्हणून वेळ काढला की नातेवाइकांचा विश्वास तुटतो, आणि वॉर्डातील अनेक वादांची सुरुवात तिथेच होते.

हँडओव्हर आणि रात्र

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय-पास अभ्यासात बालरोग विभागांच्या ९ ठिकाणी हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवण्याची, ठरावीक पद्धत लागू केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे त्यातला सार घ्यावा: रुग्ण किती गंभीर आहे, थोडक्यात काय झाले, काय करायचे बाकी आहे, रात्री काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय करावे. शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे. व्हॉट्सॲपवर यादी टाकली म्हणजे हँडओव्हर झाला असे मानू नये. पहिला महिना शिक्षकाने स्वतः संध्याकाळी उभे राहून तो ऐकावा.

रात्री फोन उचलावा आणि आवाजात त्रास जाणवू देऊ नये. निवासी पुन्हा फोन करील की नाही, हे त्या एका आवाजावर ठरते. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत वाजवी कामाचे तास, विश्रांती आणि कामाच्या निकडीच्या अधीन साप्ताहिक सुटी सांगितली आहे. ती कागदावर राहू नये यासाठी इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोण घरी जाणार हे रोस्टरमध्ये नावासह लिहावे आणि त्या माणसाला वेळेवर बाहेर काढावे. अबोल झालेला, चिडचिडा झालेला किंवा जेवण टाळणारा निवासी दिसला, तर त्याच दिवशी त्याच्याशी एकांतात बोलावे, आणि गरज वाटल्यास मानसोपचार विभागाकडे त्याच्यासोबत स्वतः जावे.

प्रबंधाबद्दल एवढेच की, विषय पहिल्या चार महिन्यांत आणि आपल्या वॉर्डात खरोखर मिळणाऱ्या रुग्णांवर ठरवावा. जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांच्या नेमणुकीत संपर्क तोडू नये. आठवड्यातून एकदा फोन करून तिथल्या एका रुग्णाची चर्चा करावी, कारण एमआरआय नसताना निर्णय घेण्याचा सराव त्याला तिथेच मिळतो.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत आठवड्यातला एक राउंड निवासीला घेऊ द्यावा. शिक्षकाने खाटेच्या पायथ्याशी, त्याच्या मागे उभे राहावे आणि रुग्णाने आपल्याकडे पाहून प्रश्न विचारला तरी उत्तर त्यालाच देऊ द्यावे. राउंड संपल्यावर, आज कोणत्या रुग्णाबद्दल तुझी खात्री झालेली नाही, असे त्याला विचारावे आणि तो ज्या खाटेचे नाव घेईल तिथे दोघांनी परत जाऊन, त्या रुग्णाचा इतिहास पहिल्यापासून पुन्हा घ्यावा.