डोळे न उघडलेली मांजराची पिल्लं सापडली तर

जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे पिल्लं ओरडताना दिसली की लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून दोन-तीन तास बघा. पावसात भिजत असतील किंवा अंगावर मुंग्या चढल्या असतील तर मात्र थांबायचं नाही.

आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, जीवही जाऊ शकतो. मी खोक्यात जुन्या सुती साडीची घडी घालते आणि एका कडेला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवते. दुसरी कडा मोकळी, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकतं.

गाईचं दूध नको, जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर मिळते. ते दूध कोमट करून दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पिल्लू पोटावरच ठेवा. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पाजण्याआधी किंवा नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा, त्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना शी-शू होत नाही. हे फार जणांना माहीतच नसतं, आणि पिल्लं हकनाक दगावतात.

डेटॉल, फिनेल जवळ आणू नका, मांजरांना ते विषारी आहे. पिसवा बारीक फणीने काढा. पिल्लू दूध ओढेनासं झालं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.