हार्ड डिस्क गेलेले पीसी नेटवर्कवरून चालवायचे असतील तर

आमची शाळा तासगावजवळ, लॅबमध्ये १४ पीसी, त्यातल्या ९ जणांच्या हार्ड डिस्क गेलेल्या पण रॅम, मदरबोर्ड सगळं धडधाकट. भंगारवाल्याला देणं जीवावर आलं म्हणून एलटीएसपी (डिस्क नसलेले पीसी नेटवर्कवरून चालवणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) बसवलं, आता सगळे एकाच सर्व्हरवरून बूट होतात, म्हणजे सुरू होतात.

सर्व्हरवर उबंटू किंवा डेबियन लिनक्स टाका, पोरांना लागणारे प्रोग्राम पण त्यातच टाकून घ्या, कारण याचीच कॉपी सगळीकडे जाणारय. मग एलटीएसपी, डीएनएसमास्क (पीसीला बूटची फाईल कुठंय ते सांगणारा), एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फायली देणारा), एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिनसाठी) ही पॅकेजं टाका. त्यानंतर रूट (म्हणजे ॲडमिन) म्हणून ओळीने एलटीएसपी डीएनएसमास्क, एलटीएसपी इमेज, एलटीएसपी आयपीएक्सई, एलटीएसपी एनएफएस आणि एलटीएसपी इनिटआरडी या कमांड मारा. इमेजपुढे एक तिरकी रेघ (/) द्यायची, म्हणजे चालू सिस्टीमचीच इमेज (पूर्ण कॉपीची एक फाईल) बनते. वेळ लागतो, चहा पिऊन या.

आता महत्त्वाचं. राउटरच्या डीएचसीपीला (प्रत्येक पीसीला आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय) हात लावू नका!! मी पहिल्यांदा सर्व्हरवरच पूर्ण डीएचसीपी चालू केलं, मग दोघंही आयपी वाटायला लागले आणि ऑफिसातलं नेट, प्रिंटर सगळं बंद, अर्धा दिवस गेला. डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडलाच राहू द्या, आयपी राउटर देतो आणि बूटची फाईल कुठंय एवढंच सर्व्हर सांगतो.

पीसीच्या बायोसमध्ये लॅन बूट चालू करून पहिल्या नंबरला आणा, नवीन मशीन असेल तर सिक्युअर बूट बंद. वायफायचा नाद सोडा, केबल आणि गिगाबिट स्विच पाहिजेच, १०० एमबीपीएसवाल्या स्विचवर सगळी पोरं एकदम चालू करतात तेव्हा लय रडतंय. प्रोग्राम पीसीच्याच रॅममध्ये चालतात त्यामुळं ४ जीबी तरी हवी.

स्क्रीनवर ई५१ आलं तर डीएचसीपीचं उत्तरच येत नाहीये, आधी केबल बघा. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण फाईलचं नाव नाही, म्हणजे डीएनएसमास्क बंद पडलंय. ई३२ आलं तर टीएफटीपी (बूटची फाईल पाठवायची पद्धत) अडलंय, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६९ उघडा.

लाईट जाते म्हणून सर्व्हर आणि स्विच दोन्हीला यूपीएस लावा, पोरांच्या फायली सर्व्हरवरच असतात.

आणि जूनमध्ये नवीन पोरांची अकाउंट काढली की इनिटआरडीची कमांड परत मारून पीसी रीस्टार्ट करा, नाहीतर पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिन होत नाही आणि पोरगं बिचारं स्वतःचंच चुकलं समजून बसतं.