बीम ६० अंशांपर्यंत वळवायचाय? वाइडबँड अ‍ॅरे करताना या चुका टाळा

समजा ८ ते १२ गिगाहर्ट्झचा अँटेना अ‍ॅरे (अनेक छोट्या अँटेनांची, म्हणजे एलिमेंट्सची मांडणी) करायचाय आणि बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत फिरवायचाय. बरेच जण एकच एलिमेंट घेतात, त्याचा एस११ (पोर्टावरून परत फिरणारा सिग्नल) बँडभर उणे १० डीबीखाली आणतात आणि मग तोच कॉपी-पेस्ट करत सुटतात. गाडी इथेच घसरते, कारण अ‍ॅरेत शेजाऱ्यांची पॉवर तुमच्या पोर्टात घुसते आणि ती कुठल्या फेजने (लहरीच्या कुठल्या टप्प्यावर) घुसणार ते स्कॅन अँगलवर ठरतं. त्यामुळे बघायचं ते अ‍ॅक्टिव्ह रिफ्लेक्शन (सगळे एलिमेंट्स चालू असताना पोर्टावर परत येणारा सिग्नल), तेही ६० अंशांवर, ई-प्लेन (इलेक्ट्रिक फील्डची पातळी), एच-प्लेन (मॅग्नेटिक फील्डची पातळी) आणि मधल्या तिरक्या कटमध्येसुद्धा.

स्पेसिंगचा, म्हणजे एलिमेंट्समधल्या अंतराचा घोळ तर नेहमीचाच. १० गिगाहर्ट्झची अर्धी वेव्हलेंग्थ म्हणून १५ मिमी धरलं, तर १२ गिगाहर्ट्झला बीम ६० अंशांवर नेल्यावर उलट बाजूला साधारण ५३ अंशांवर ग्रेटिंग लोब (नको असलेला दुसरा मोठा बीम) उभा राहतो. हिशोब कायम वरच्या फ्रिक्वेन्सीने करा, इथे १३.४ मिमीच्या आतच राहायचं.

आता फेज शिफ्टर, म्हणजे प्रत्येक एलिमेंटची फेज बदलून बीम वळवणारा भाग. १० गिगाहर्ट्झला ६० अंशांसाठी लावलेली फेज तशीच ठेवली तर १२ ला बीम ४६ अंशांवर येतो आणि ८ ला तर मेन बीम दिसतच नाही, लागणाऱ्या कोनाचा साइन एकच्या वर जातो ना! एका वेळी छोटासाच बँड वापरून दर फ्रिक्वेन्सीला फेज बदलणार असाल तर चालतंय, पण अख्खा बँड एकदम हवा असेल तर ट्रू टाइम डिले (फेजऐवजी सिग्नलला खरोखरच वेळेचा उशीर देणं) लागणारच, खर्च परवडत नसेल तर निदान सबअ‍ॅरेला (एलिमेंट्सच्या प्रत्येक गटाला) तरी द्या.

रिकॉन्फिगरेबल (चालू असताना रचना बदलता येणारा) अँटेना म्हटलं की स्विचसारखे वापरायचे पिन डायोड आले, आणि सिम्युलेशनमध्ये लोक ऑन म्हणजे तांब्याची पट्टी, ऑफ म्हणजे गॅप असं सरळ धरून मोकळे होतात. ०.२ पीएफची ऑफ कपॅसिटन्स १० गिगाहर्ट्झला जेमतेम ८० ओहम होते, हे ओपन कसलं? कंपनीची एस-पॅरामीटर फाइल (डायोडचं मोजलेलं वर्तन) टाका आणि बायस लाइन्सही (डायोडला डीसी देणाऱ्या तारा) मॉडेलमध्ये घ्या, त्यातला एखादा चोक (आरएफ अडवणारा भाग) पूर्ण बँडभर चोक राहीलच असं नाही.

बोर्ड आल्यावर ठरावीक अँगललाच गेन (त्या दिशेची सिग्नलची ताकद) गायब होत असेल तर मधलं एक एलिमेंट फीड करा, बाकी सगळ्यांना ५० ओहम लावा आणि पॅटर्न मोजा. त्याच अँगलला खोल खड्डा दिसला तर ती स्कॅन ब्लाइंडनेस (त्या अँगलला अ‍ॅरे जणू आंधळा होणं), आणि सबस्ट्रेट (बोर्डाचं इन्सुलेटर मटेरियल) जाड किंवा जास्त परमिटिव्हिटीचा (डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा) असेल तर पहिला संशय सरफेस वेव्हवर (बोर्डालगत पसरणाऱ्या लहरीवर) घ्या. सिम्युलेशनमध्ये हा खड्डा कधीकधी इतका अरुंद असतो की स्वीपची स्टेप मोठी ठेवली तर दिसतच नाही. बाकी ६० अंशांवर ३ डीबी पडले म्हणून डिझाईन उकरत बसू नका, तेवढं कोसाइनमुळे जातंच, सहा पडले तर मात्र शोधायला लागा.