रिमोट डेस्कटॉप लागत नाही? आधी आयपी बघा

आमच्या दादरच्या घरी पावसात लाइट जाऊन आली, की रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसरा चालवायच्या विंडोजच्या सोयीने, हॉलमधल्या लॅपटॉपला आतल्या खोलीतला पीसी सापडेनासा होतो. राउटर पुन्हा सुरू झाला, की पीसीला कधीकधी नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो आणि आपण जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. पीसीच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये आयपीव्ही४ पत्ता बघा, मग राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन (त्या पीसीसाठी पत्ता राखून ठेवणं) करून तोच कायम ठेवा. तरी लागेना? पीसी स्लीपमध्ये गेलाय का, लॅपटॉप गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) आहे का, तेही बघा. पीसीवर विंडोज होम असेल तर मात्र खटपट सोडा, त्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पीसी चालवू देण्याची सोयच नाही, प्रो लागतं. ऑफिसातून घरचा पीसी हवाय म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, साऱ्या इंटरनेटला उघडू नका, त्यापेक्षा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित खाजगी जोडणी) लावा.