डॉक्टरांचं डिक्टेशन लिहिताना या चुका टाळा

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमधली, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकून रिपोर्ट लिहिण्याच्या कामातली, सर्वांत धोकादायक चूक स्पेलचेकला दिसत नाही. शब्द वैद्यकीय कोशात असतो, स्पेलिंग बरोबर असतं, वाक्यही सुरळीत वाचता येतं. फक्त डॉक्टर तो शब्द बोललेले नसतात. लाल रेघ नाही म्हणजे रिपोर्ट बरोबर, ही समजूत आधी सोडा.

सारखे ऐकू येणारे शब्द

‘इलियम’ हा शब्द घ्या. आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेच्या हाडाचा वरचा रुंद भाग. उच्चार एकच असल्यामुळे ऑडिओ पुन्हा पुन्हा ऐकून काहीच हाती लागत नाही. उत्तर आजूबाजूच्या वाक्यांत असतं. कोलोनोस्कोपी चालू असेल तर आतडं, बोन ग्राफ्ट किंवा पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरची चर्चा असेल तर हाड.

पेरिनियल, पेरोनियल आणि पेरिटोनियल हे त्रिकूटही असंच. पहिला शब्द जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाचा, दुसरा गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या बाजूचा, तिसरा पोटातल्या आवरणाचा. फूट ड्रॉपचा (पाऊल वर उचलता न येण्याचा) उल्लेख असेल तर नर्व्ह पेरोनियलच. डायलिसिस असेल तर पेरिटोनियल. ‘पॅल्पेशन’ म्हणजे डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि ‘पॅल्पिटेशन’ म्हणजे रुग्णाला जाणवणारी धडधड. तक्रारींच्या भागात सहसा दुसरा शब्द येतो आणि शारीरिक तपासणीच्या भागात पहिला.

मात्र संदर्भ प्रत्येक वेळी मदतीला येईल असं नाही. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेझिया म्हणजे भाषा वापरायला किंवा समजायला त्रास. स्ट्रोकच्या रुग्णाला दोन्ही होऊ शकतात आणि स्पीच थेरपिस्ट दोन्हींवर काम करतात. म्हणून ‘स्पीच थेरपीकडे पाठवलं’ एवढ्यावरून शब्द ठरवू नका. घट्ट केलेले द्रवपदार्थ, फीडिंग ट्यूब किंवा गिळण्याची चाचणी असा पुरावा शोधा. तो रिपोर्टमध्ये कुठेच नसेल तर ब्लँक, म्हणजे रिकामी जागा सोडा.

हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) यांचा निकाल आकड्यांवर लावा. पोटॅशियम २.९ आहे आणि पोटॅशियम भरून द्यायला सांगितलं आहे, तर हायपोकॅलेमिया. कानाला ‘हायपर’ वाटलं तरी आकडा आणि उपचार दोन्ही त्याच्या विरुद्ध आहेत. डॉक्टर खरोखरच ‘हायपर’ म्हणाले असतील तर रिपोर्ट फ्लॅग करा, म्हणजे शंका असल्याची खूण लावा. अ‍ॅब्डक्शन म्हणजे अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणं, अ‍ॅडक्शन म्हणजे जवळ आणणं. हा फरक ऐकू यावा म्हणून अनेक डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’ असं अक्षरं सुटी करून बोलतात. ते ऐकून लिहिणाऱ्यासाठी असतं, रिपोर्टमध्ये पूर्ण शब्दच लिहायचा.

औषध आणि डोस

इथे शंका राहिली तर पुढे जाऊ नका. हायड्रॅलझिन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सिझिन खाज किंवा अस्वस्थतेसाठी. लॅमिक्टल एपिलेप्सीत आणि बायपोलर आजारात देतात, लॅमिसिल बुरशीच्या संसर्गावर. औषधाचं नाव लिहिलं की त्याचं कारण रिपोर्टमध्ये सापडतं का, ते पाहा. रुग्णाला फक्त नखाची बुरशी असेल आणि तुम्ही लॅमिक्टल लिहिलं असेल, तर ते वाक्य पुन्हा ऐका.

डोस आणि एकक एकत्र तपासा. लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये देतात. ‘५० मिलिग्रॅम’ लिहिलं की डोस हजारपट होतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ स्पष्ट ऐकू येत नसतील तर ते औषध कोणत्या ताकदीत मिळतं ते पाहा. दोन्ही ताकदी मिळत असतील तर अंदाज नको. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये (सांध्यांच्या आजारात) मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात. तिथे ‘रोज’ ऐकू आलं तर क्यूएकडे (रिपोर्टची गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे) पाठवल्याशिवाय रिपोर्ट पुढे जाता कामा नये.

लिहिण्याची पद्धतही जीवावर बेतू शकते. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली. त्यातले नियम कुठेही पाळण्यासारखे आहेत. ‘१.० मिलिग्रॅम’ लिहू नका, दशांशचिन्ह नजरेतून सुटलं की ते १० होतं. ‘.५’ ऐवजी ‘०.५’ लिहा. ‘युनिट’साठी नुसतं ‘यू’ नको, कारण ते शून्यासारखं वाचलं जातं. टाक्यांचा धागा ‘थ्री ओ’ म्हटला की ‘३-०’ लिहायचं, ‘३.०’ किंवा ‘नंबर ३’ नाही. ३-० हा २-० पेक्षा बारीक असतो, नंबर ३ खूपच जाड.

शब्द कोशात सापडत नसेल तर

अनेकदा पहिलं अक्षर मूक असतं किंवा त्याचा उच्चार वेगळा होतो. ‘ट’ ऐकू आला तर पी-टी पाहा (टेरिजियम), ‘स’ ऐकू आला तर पी-एस (सोअस), ‘न’ असेल तर पी-एन, ‘झ’ असेल तर एक्स (झिफॉइड), ‘क’ असेल तर सी-एच. ‘ब्रुई’ (रक्तवाहिनीतून ऐकू येणारा आवाज) शोधताना शेवटी आय-टी असतं हे लक्षात ठेवा. त्याच डॉक्टरांचे जुने सॅम्पल रिपोर्ट पाहिले तर त्यांचे नेहमीचे शब्द चटकन कळतात, पण जुन्या रिपोर्टमधलं वाक्य जसंच्या तसं उचलू नका.

स्पीच रेकग्निशनचा ड्राफ्ट एडिट करताना

मशीन लहान शब्द गिळतं. ‘नो’ आणि ‘नॉट’ गेले की ‘छातीत दुखत नाही’चं ‘छातीत दुखतं’ होतं. म्हणून ड्राफ्ट नुसता वाचू नका, ऑडिओसोबत शब्दागणिक तपासा. ‘एफेब्राइल’चं (ताप नसलेला) ‘ए फेब्राइल’ (फेब्राइल म्हणजे ताप असलेला) झालं तर अर्थ उलटतो. तापमान नॉर्मल आहे का ते बघा. ‘नो नोन अ‍ॅलर्जीज’ची जागा ‘नाऊ नोन’ने घेतली आहे का, तेही पाहा.

ब्लँक कसा सोडायचा

डॉक्टरांनी सुरुवातीला उजवा गुडघा आणि ऑपरेशनच्या वर्णनात डावा म्हटलं, तर स्वतः दुरुस्ती करू नका. दोन्ही जसं बोललं तसं लिहा आणि फ्लॅग लावा. न समजलेल्या शब्दाच्या जागी ब्लँक ठेवा, ऑडिओतली वेळ नोंदवा आणि काय ऐकू येतं ते टिपणीत लिहा, जसं ‘०३:४२, डिसफेजिया की डिसफेझिया?’ नुसता ब्लँक आला तर क्यूएला संपूर्ण फाइल पुन्हा ऐकावी लागते. टिपणी मात्र फ्लॅगमध्येच राहू द्या. रिपोर्टच्या मजकुरात प्रश्नचिन्ह टाकलं तर ते रुग्णाच्या फाइलमध्ये तसंच जाऊ शकतं.