डिस्क गोल्फसारखा खेळ पडद्यावर कसा आणावा

डिस्क गोल्फची, म्हणजे कमीत कमी फेकींत चकती प्रत्येक टप्प्यावरील टोपलीत टाकण्याच्या खेळाची, स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवायची असेल, तर अडचण नेमकी कुठे आहे हे आयोजकांनी आधी समजून घ्यावे. कबड्डीचे मैदान मोजक्या कॅमेऱ्यांत मावते. येथे मात्र अठरा टप्प्यांचा मार्ग झाडीतून जातो, खेळाडू एकाच वेळी अनेक टप्प्यांवर विखुरलेले असतात आणि वळत जाणारी छोटी चकती कॅमेऱ्यातून सहज निसटते. खर्च मोठा, प्रेक्षक थोडे, म्हणून जाहिरातदार नाहीत. आणि जाहिरातदार नसतील तर वाहिनी वेळ देत नाही.

त्यामुळे सुरुवातीला थेट प्रक्षेपणाचा हट्ट धरू नये. आघाडीच्या एकाच गटामागे दोन-तीन कॅमेरे ठेवावेत, त्यांपैकी एक फेकणाऱ्याजवळ आणि एक साखळ्यांच्या टोपलीजवळ असावा, आणि चालण्यात जाणारा वेळ कापून, समालोचन जोडून ते चित्रण दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर द्यावे. अमेरिकेत डिस्क गोल्फचे चित्रण करणाऱ्या जोमेझप्रो या संस्थेने याच वाटेने आपला प्रेक्षकवर्ग घडवला, आणि माझ्या मते नव्या आयोजकांसाठी हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

शेवटच्या टप्प्यावर मात्र काटकसर नको. २०२१ मध्ये यूटामधील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत जेम्स कॉनरॅडने अखेरच्या टप्प्यावर २४७ फुटांवरून चकती थेट टोपलीत टाकून पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली व पुढे विजेतेपद मिळवले. ते दृश्य ईएसपीएनपर्यंत पोहोचले, कारण ते नीट टिपलेले होते. असा क्षण लगेच क्रीडावाहिन्यांकडे पाठवता येईल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.