ऑफ तास मिळाला की काय करायचं

साताऱ्यातल्या आमच्या शाळेचं वेळापत्रक गेली 11 वर्षं मी करते. 22 तुकड्या, 34 शिक्षक, आठवड्याला 45 तासिका आणि प्रयोगशाळा एकच. इतकी वर्षं हेच काम केल्यावर मी खात्रीने सांगते, शांतपणे विचार करायचा वेळ वेळापत्रकात बसवायला जाऊ नका. मी बसवून पाहिला. शुक्रवारची सहावी तासिका स्वतःसाठी कोरी ठेवली, तर पहिल्याच आठवड्यात एक बाई रजेवर गेल्या आणि तिथे माझा बदली तास लागला. पुढच्या शुक्रवारी ती मिळाली, तर मी घड्याळाकडे बघत बसले. 'आता सुचायला हवं' म्हटलं की काही सुचत नाही.

रिकामा वेळ न ठरवता पदरात पडतो. मीटिंग पुढे जाते, लाइट जाते, दवाखान्यात आपला नंबर सतरावा असतो. असा वेळ पडला की तो भरायचा नाही, एवढंच शिकायचं आहे. पण हात लगेच मोबाइलकडे जातो, म्हणून त्याची सोय आधी लावा. सायलेंट करून पर्समध्ये ठेवणं पुरत नाही. मी तो स्टाफरूमच्या कपाटात ठेवते आणि किल्ली शिपाईमामांकडे देते. घरी ऑफिसचा नंबर देऊन ठेवलाय. खरंच तातडी असेल तर मामा हाक मारतात. हे केलं नाही तर अर्धं मन फोनकडेच राहतं.

सोबत एकच प्रश्न न्या, आणि तो नेमका हवा. 'वेळापत्रक कसं जुळवू' हा प्रश्न नव्हे. 'नववी ब चं प्रात्यक्षिक गुरुवारी का बसत नाही' हा प्रश्न.

माझी जागा म्हणजे प्रयोगशाळेमागचा चिंचेखालचा कट्टा. तिथे बसल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं डोक्यात नुसता बाजार भरतो. गॅसचा नंबर लावायचाय, आईच्या गोळ्या संपल्यात, पालकसभेची नोटीस काढायची राहिलीय. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीचा एक चतकोर मी जवळ ठेवते आणि आठवेल ते त्यावर एका शब्दात लिहिते. लिहिलं की ते मनातून उतरतं. बहुतेक जण नेमके याच वेळी उठतात, 'आपल्याला हे जमत नाही' म्हणून. उठू नका. त्यानंतरच पाणी निवळतं.

नववी ब चं कोडं सुटलं ते मात्र एसटी स्टँडवर. कोरेगावची गाडी 40 मिनिटं उशिरा होती. त्याआधी तीन संध्याकाळ मी दहावीचा जोड तास इकडून तिकडे सरकवत बसले होते. बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं, अडकलंय ते चित्रकलेच्या तासात. चित्रकलेचे सर मंगळवारी आणि गुरुवारीच येतात, हे मी धरूनच चालले होते. बुधवारी याल का, असं त्यांना कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, ते लगेच हो म्हणाले, आणि गुरुवार मोकळा झाला.

गणित शिकवत असल्याने मला आयरिश गणिती हॅमिल्टन फार जवळचा वाटतो. संख्यांच्या त्रिकुटांचा गुणाकार कसा करायचा, यावर तो कित्येक वर्षं डोकं शिणवत होता. 16 ऑक्टोबर 1843 रोजी तो बायकोबरोबर डब्लिनच्या रॉयल कालव्याच्या काठाने एका बैठकीला चालला होता. तीन नव्हे, चार घटक घ्यायला हवेत, हे त्याला वाटेत सुचलं. आधीची कित्येक वर्षांची मेहनत होती, म्हणून त्या वाटेवर ते सुचलं. तेव्हा आधी प्रश्नाशी झटा. तयारीशिवाय कट्ट्यावर बसलात तर विश्रांती मिळेल. तीही चांगलीच, पण उत्तर येणार नाही.

बसवत नसेल तर चाला. रविवारी मी अजिंक्यताऱ्याच्या वाटेने 'चार भिंती' नावाच्या ठिकाणापर्यंत जाते, एकटीच. घरी असेन तर मेथीची जुडी निवडायला घेते. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, असं कुठलंही काम चालतं. टीव्ही लावून निवडलेली मेथी यात धरू नका.

सुचलं की तिथल्या तिथे लिहा. घंटा झाली, मुलं वऱ्हांड्यात आली की ते गेलंच. हॅमिल्टनने आपलं सूत्र ब्रूम पुलाच्या दगडावर चाकूने कोरलं होतं. मी पेन्सिलीचा एक तुकडा चष्म्याच्या डबीत ठेवते. तिथून तो हरवत नाही.